हात जपावेस

टिळकवाडी, बेळगाव
२१ जुलै २०२०

चि. मृण्मयी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास. त्यानंतर दोन दिवस मी फोन केला नाही, कारण बोलायला लागलो की माझ्या तोंडून पुन्हा तेच निघेल अशी धास्ती वाटली. चूक माझी होती. १५ ऑगस्टपर्यंत करोनाची लस आणण्याविषयी २ जुलैला रुग्णालयांना गेलेल्या पत्राची बातमी मी वाचली आणि गल्लीत चौघांना सांगून मोकळा झालो की आमची मृण्मयी याच कामात आहे, स्वातंत्र्यदिनाला लस येणार. "बाबा, तारीख आधी ठरवून लस होत नसते," असे तू म्हणालीस तेव्हा तुझा आवाज फार थकलेला होता. त्या आवाजाची विचारपूस करायची सोडून मी तारखेलाच धरून बसलो.

काल कॅलेंडर पुढ्यात घेऊन मी हिशेब केला. माणसांवरील चाचणी १५ जुलैला सुरू झाली. पहिल्या टप्प्यात ३७५ निरोगी स्वयंसेवक, पहिल्या मात्रेनंतर १४ दिवसांनी दुसरी, म्हणजे अगदी पहिल्या माणसालाही दुसरी मात्रा २९ तारखेच्या आधी मिळणार नाही. त्यानंतर रक्तात प्रतिपिंडे किती आली ते पाहायचे, कोणाला त्रास होतो का ते पाहायचे, आणि मग पुढचे टप्पे. यात १५ ऑगस्ट कुठेच बसत नाही, हे मला तुझ्यावर चिडण्यापूर्वी कळायला हवे होते. चाचणीच्या १२ रुग्णालयांत आपल्या बेळगावचेही एक आहे. मी नाव द्यायला निघालो होतो, परंतु वयाची मर्यादा १८ ते ५५ अशी आहे आणि मला ६७ पूर्ण झाली. ते ऐकून तुझ्या आईने देवापुढे दिवा लावला.

तू नखे खाणे सोडलेस का? लहानपणी परीक्षा आली की तू नखांच्या कडेची सालपटे रक्त येईपर्यंत ओढत असायचीस. दहावीच्या वर्षी आईने बोटांना कडुनिंबाचा रस लावला, तरी फरक पडला नाही. तू सांगितले आहेस की प्रयोगशाळेत आत जाताना अंगभर पोशाख असतो, दुहेरी हातमोजे असतात, खोलीतील हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्यामुळे आतली हवा बाहेर येत नाही. हे सारे मला पटते. रात्री दोन वाजता जाग आली की मात्र तो दाब आठवत नाही, तुझी बोटे आठवतात.

अप्पा इथे देवीची लस बनवणाऱ्या व्हॅक्सिन डेपोत होते तेव्हाचे मला चांगले आठवते. वासराच्या पोटावरचे केस भादरून, कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यांत देवीचे बीज लावत आणि पाचव्या-सहाव्या दिवशी तेथे धरलेले फोड खरवडून ग्लिसरिनमध्ये घोटत. मी शाळेतून परस्पर तिकडे जाई आणि झाडांखाली त्यांची वाट पाहत बसे. सकाळी कामावर निघण्यापूर्वी अप्पा परसात उजेडाला उभे राहून दोन्ही हात उलटसुलट करून पाहत, आणि बारीकशी चीर दिसली तरी त्या दिवशी वासरांजवळ न जाता वहीकाम मागून घेत. १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्यांनी ते कात्रण देव्हाऱ्यात ठेवले, अजून तेथेच आहे. त्याच्याशेजारी मी यंदा मार्चमधले कात्रण ठेवले आहे, पुण्यात तुमच्या संस्थेने हा विषाणू वेगळा केल्याचे. तुझे नाव त्यात नाही, तरी ते तुझेच आहे.

घाईत काय होते ते मुलकोवालला दिसले. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, इतका सावध माणूस. तरीही १९०२ साली पंजाबातील त्या गावी एका बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे निघाले. हाफकिन यांच्यावरील ठपका पुसायला पाच वर्षे लागली. म्हणून सांगतो, वरून कोणी कितीही तारखा दिल्या तरी तू एक पायरी गाळू नकोस, झोप अपुरी असेल त्या दिवशी आत जाऊ नकोस आणि तसे वरिष्ठांना स्पष्ट सांग.

पुन्हा शिकवायला लागलो, क्षमा कर. पाषाणच्या प्रयोगशाळेत रोज त्या विषाणूसमोर उभ्या राहणाऱ्या मुलीला हे मी सांगायला नको होते. लिहिलेले खोडत नाही इतकेच.

आजीच्या वर्षश्राद्धाला तू येऊ शकणार नाहीस हे गृहीत धरले आहे. कोगनोळीच्या सीमानाक्यावर अडकून, इकडे विलगीकरणात दिवस घालवून तू येण्यात अर्थ नाही, आणि आजीनेही तुला कामावरून उठवले नसते. खानापूरच्या जमिनीचे मी आणि विनायककाका पाहून घेऊ. सुमामावशीचा खोकला उतरला, तपासणीत काही निघाले नाही. कुंदा पाठवायचा होता, पण पावसात वाटेतच बिघडेल.

लस कधी येणार हे मी यापुढे विचारणार नाही. पुढच्या वेळी व्हिडिओ कॉल करशील तेव्हा दोन्ही हात जरा उजेडात, कॅमेऱ्यासमोर धर. मी काही बोलणार नाही, फक्त पाहीन.

तुझा,
बाबा