रिंगची पिन नसलेला पिस्टन आणि ‘क्लोज’ केलेली तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : येझदी रोडकिंग मोटारसायकलच्या सदोष पिस्टन किटची बदली नाकारल्याबाबत

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. ‘तुमची तक्रार क्लोज केली आहे’ एवढं सांगायला त्यांनी आपणहून फोन केला. एरवी त्यांचा फोन येत नाही.

रोडकिंगचं ओव्हरसाइज पिस्टन किट तुमच्याकडून मागवलं, पन्नासचं, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर, म्हणजे हे ६५.५०. पिस्टन आणि सिलिंडरचा ब्लॉक पिशवीत घालून लातूरला लेथवर गेलो, त्या मापाचं बोअरिंग करून आणलं. घरी पिस्टनवर रिंगा चढवायला बसलो तर रिंगेच्या वरच्या खाचेत पिन नाही. भोक आहे, पिन नाही. खालच्या खाचेत व्यवस्थित आहे. खोकं झटकलं, पिशवी उलटी केली, फरशीवर चुंबक फिरवला. काही नाही.

ही पिन कशासाठी असते हे पिस्टन विकणाऱ्याला माहीत असणारच. तुमच्या फोनवरच्या माणसांना मात्र मला शिकवावं लागलं. रोडकिंगसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला सिलिंडरच्या भिंतीतच पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जायची भोकं, असतात. रिंग फिरून तिचं तोंड, म्हणजे टोकांमधली फट, पोर्टवर आलं की अडकतं, रिंग तुटते आणि तुकडा पिस्टनसकट नवंकोरं बोअरिंग खरवडून काढतो. ते होऊ नये म्हणून ती तिळाएवढी पिन.

यावर झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो. कॉल रेकॉर्ड करता म्हणता, तर ऐकाच.

‘सर, गाडी स्टार्ट केल्यावर आवाज येतो का?’
‘गाडी स्टार्ट केलेलीच नाही. पिस्टन माझ्यासमोर टेबलावर आहे.’
‘ओके सर. एकदा व्हॉल्व्ह सेटिंग करून बघा.’
‘मॅडम, ह्या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात.’
‘मॅकेनिकनं काढून टाकले असतील, सर.’

मी गप्प बसलो. संगीत लागलं. मग सीनियर साहेब आले. म्हणाले, डिफेक्टिव्ह पार्टचा क्लिअर फोटो पाठवा. जी पिन आलीच नाही तिचा फोटो! रिकाम्या भोकाचे फोटो पाठवले, तर म्हणे यात पार्ट दिसत नाही. अहो, तीच तर तक्रार आहे. शेवटी त्यांनी हुकमाचं पान काढलं : फिटिंग ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’मध्ये झाल्याचं जॉब कार्ड जोडा, नाहीतर वॉरंटी नाही.

रोडकिंग बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. जॉब कार्डावर शिक्का कोण मारणार? यावर साहेब म्हणतात, ‘पण सर, येझदी तर चालू आहे.’ २०२२ ला त्या नावानं आलेली गाडी ३३४ सीसीची फोर-स्ट्रोक आहे. मॅडमचं व्हॉल्व्ह सेटिंग तिला लागू पडेल. माझ्या गाडीचं किट विकताना तुमच्या जाहिरातीत ‘घरच्या घरी रिस्टोरेशनसाठी’ असं मोठ्या अक्षरात छापलंय. घरच्या घरी म्हणजे सर्व्हिस सेंटरात का?

बरं, किट परत घ्या म्हटलं, तर अंबाजोगाईचा पिनकोड पिकअपला चालत नाही. माल पाठवताना चालला, पैसे घेताना चालला. मराठवाड्यातून तुम्हाला फक्त ऑर्डर हव्यात असं दिसतंय.

वडिलांनी ह्याच गाडीवर नोकरी काढली. तेव्हा परभणीच्या स्पेअरवाल्याकडं ते तुमच्याच डब्यातला माल मागायचे, दुसरा दाखवला तर हात लावायचे नाहीत. तो भरवसा धरून मी ऑर्डर दिली. दुकानदारानं असला पिस्टन काउंटरवरच बदलून दिला असता, जॉब कार्ड न मागता.

मला त्याच मापाचं, दोन्ही पिना असलेलं किट हवं आणि जुनं तुमच्या खर्चानं उचलून न्या. तसं किट नसेल तर किटचे पैसे आणि बोअरिंगचा खर्च, दोन्ही द्या. कारण ब्लॉक आता पन्नासचा झाला, तो मागं जाणार नाही. पंधरा दिवसांत झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मला राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. तारखेला तुम्हाला इकडं यावं लागेल. येताना अधिकृत सर्व्हिस सेंटरचा पत्ताही शोधून आणा.

बिल, खोक्यावरचं लेबल आणि रिकाम्या भोकाचे फोटो पुन्हा जोडले आहेत. उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

आपला ग्राहक
(अजून तरी),
अंबाजोगाई, जि. बीड