मागचे ब्रेक उघडण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागतो आणि मागून खर्रर्र आवाज येतो म्हणालीस, तेव्हाच ओळखलं, मागच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारा थर, संपलेत. आता ते बदलल्याशिवाय आंबा घाट उतरू नकोस. आपली मारुती ८०० जुनी असली तरी हे काम अंगणात होतं. शू, म्हणजे लायनर बसवलेल्या अर्धगोल पट्ट्या, मात्र दोन्ही चाकांचे मिळून चारही नवे आण.

जमीन सपाट हवी. ड्रम, म्हणजे शूंवरचं गोल झाकण, निघायला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडाचे ठोकळे लाव आणि गाडी गिअरमध्ये ठेव. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड हवेतच. विटा तर मुळीच नकोत, वजनाने फुटतात.

एका वेळी एकच चाक उघड. मी पहिल्यांदा दोन्ही उघडली होती. स्प्रिंगा परातीत एकत्र टाकल्या, मग कुठली लांब, कुठली आखूड, कोणता हूक कोणत्या भोकात, काही सुधरेना. वर तुझ्या आईला म्हटलं, ‘जरा ब्रेक दाब बघू.’ ड्रम काढलेला! शूंना ढकलणाऱ्या सिलेंडरचा पिस्टन टप्पकन बाहेर आला आणि ब्रेक ऑइल फरशीवर. रंग उडालेल्या त्या जागेवर तिने तुळशीची कुंडी सरकवली, ती अजून तिथेच आहे. तेव्हा ड्रम बाहेर असताना पेडलला कुणी हात नाही, पाय नाही. दुसरी बाजू न उघडता ठेवलीस की नमुना समोर राहतो. फोटोही काढ, पण उजवं-डावं उलटं असतं हे विसरू नकोस.

आतली काळी धूळ फुंकू नकोस, तिच्यात अॅस्बेस्टॉसही असू शकतं. तोंडाला मास्क, आणि ओल्या फडक्याने पूस. सिलेंडरचं रबर हलकेच उचलून पाहा. आत ओलं दिसलं तर तिथेच थांब, ते काम मेकॅनिकचं. नव्या लायनरला ग्रीसचं बोट लागू देऊ नकोस. मधला मोठा नट अंदाजाने आवळू नकोस, मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळ.

सगळं बसलं की गाडी हलवायच्या आधी पेडल चांगलं कडक होईपर्यंत दाब. मग गल्लीतच चार-सहा वेळा थांबवून बघ.

स्प्रिंगचा पाना चिवड्याच्या डब्यात घालून पाठवतोय. आईला सांगू नकोस.

तुझे,
बाबा