सात नंबरचा अर्ज मी भरला नाही, त्याबद्दल आपले आभार

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र आपल्या हाती द्यावे म्हणून मी गेल्या महिन्यात आपल्या शाळेत जाऊन आलो. तेथे आपली बदली झाल्याचे कळले, पण नवी शाळा कोणती हे सांगणारे त्या वेळी कोणी नव्हते, म्हणून ते असे उघड लिहीत आहे. आपले नाव मुद्दामच घातलेले नाही, कारण केलेल्या कामाचा गाजावाजा आपल्याला रुचत नसावा, एवढे त्या तासाभराच्या भेटीत माझ्या ध्यानात आले होते. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानाचा जो दिवाणजी, आपण बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून मतदार यादी तपासायला आलात तेव्हा, आपल्याला तोंडावर म्हणाला होता की "माझंही नाव यादीतून काढून टाका", तोच मी. एवढ्या खुणेवरून आपण मला ओळखाल अशी आशा आहे.

7 मे 2024 रोजी मी आयुष्यात पहिल्यांदा मतदान केले. तोवर मी मत का दिले नव्हते हे आपण त्या दिवशी अर्धवट ऐकले होते. दुकानात माणसे होती आणि मलाही सगळे सांगण्याचा संकोच वाटला. ते आता सविस्तर सांगतो, म्हणजे आपण नेमके काय केलेत हे आपल्यालाही कळेल.

एप्रिल 2009 च्या लोकसभा निवडणुकीत मी आजीचा हात धरून गावभागातील, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीतील, मतदान केंद्रावर गेलो होतो. माझे नाव त्याच वर्षी यादीत लागले होते. आजीने देशातील पहिल्या निवडणुकीपासून मत दिलेले होते. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवरचे चित्र बघून चिठ्ठी टाकायची, हे ती नेहमी रंगवून सांगत असे, आणि नातवाचे पहिले मत बघायला मिळणार म्हणून त्या दिवशी ती सकाळपासून तयार होऊन बसली होती. तिचे मत झाले. माझा क्रमांक आल्यावर टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी यादी बघितली आणि तुमचे मत होऊन गेले आहे असे सांगितले. माझ्या नावाखाली रेघ ओढलेली मला दिसत होती. मी माझे कोरे बोट दाखवले, तेव्हा मागे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींपैकी कोणीतरी हसले आणि अधिकाऱ्यांनी बाजूला व्हायला सांगितले. बाहेर आल्यावर आजीने शाई लागलेले आपले बोट माझ्या बोटाशेजारी धरले आणि विचारले, "तुझं का रं न्हाई?" कोणी मुद्दाम केले की नजरचुकीने दुसऱ्याच ओळीवर रेघ पडली, हे मला आजही ठाऊक नाही. आज वाटते की नजरचूकच असावी. बावीस वर्षांच्या वयाला मात्र नजरचूक पटत नाही.

त्यानंतर मी त्या दारात गेलो नाही. त्याच वर्षीची विधानसभा, 2014 मधल्या दोन्ही, 2019 मधल्या दोन्ही आणि महापालिकेच्या 2013 व 2018 च्या, अशा सात निवडणुका मी घरी बसून काढल्या. सुरुवातीला तो राग होता, पुढे त्याचे तत्त्व झाले आणि शेवटी मी त्याला हिशेबाचा आधार दिला, की 18 लाखांच्या आसपास मतदार असलेल्या मतदारसंघात एका आकड्याने काय होणार. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तेथे 45 फुटांची आहे, त्यामुळे गावभागातील आमच्या घराचे काय झाले असेल ते सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. आम्ही विश्रामबागेत भाड्याने राहायला आलो, आणि ऑक्टोबरमधील मतदानाच्या दिवशी जो तो मला "तुमचं यंदा कसलं मतदान" म्हणाला, तेव्हा मी मान हलवली. खरे सांगायचे तर पूर मला सोयीचा पडला होता. पूर नसता तरी मी गेलो नसतो.

आपण आलात ते 2023 च्या पावसाळ्यात. हळदीचा हंगाम उरकला होता, सौदे थंड होते आणि मी मागच्या वर्षाची खतावणी तपासत बसलो होतो. गावभागातील घराला कुलूप दिसल्यावर शेजाऱ्यांना विचारत विचारत आपण यार्डापर्यंत आलात, याचे मला तेव्हा फक्त आश्चर्य वाटले होते. प्लास्टिकच्या पिशवीतून आपण यादी काढलीत आणि आमच्या घरातली पाच नावे एकेक करून वाचलीत. त्यात आजीचे नाव होते. तिला जाऊन सात वर्षे झाली होती. आपण नाव कमी करण्याचा, सात नंबरचा अर्ज काढून तिची माहिती भरलीत, मृत्यूचा दाखला कुठे जोडायचा ते दाखवलेत, आणि तेव्हाच मी ते वाक्य बोललो. आपण रागावला नाहीत, लोकशाहीवर व्याख्यानही दिले नाहीत. पेनचे टोपण लावून आपण फक्त "का?" एवढेच विचारलेत.

मी 2009 ची हकीकत सांगितल्यावर आपण म्हणालात की मी तेव्हा प्रदत्त मत मागायला हवे होते. चौदा वर्षांत हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल आणि केंद्राध्यक्षांच्या प्रश्नांना आपण समाधानकारक उत्तरे दिली, तर 1961 च्या निवडणूक नियमांप्रमाणे आपल्याला कागदी मतपत्रिका मिळते, वेगळ्या यादीत सही घेतली जाते आणि ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवतात, हे आपण समजावून सांगितलेत. मी लगेच विचारले की मग ते मत मोजतात का. खोटे सांगायची ती उत्तम संधी होती, पण आपण सरळ "नाही" म्हणालात. नेहमीच्या मोजणीत ती पाकिटे उघडत नाहीत, निकालाविरुद्ध कोणी न्यायालयात गेले आणि न्यायालयाने सांगितले तरच ती मोजली जातात. "पण तुम्ही आला होता हे कागदावर राहिलं असतं," असे आपण पुढे म्हणालात. ज्याचे सारे आयुष्य वह्यांत गेले आहे अशा माणसाशी आपण बोलत होतात, याची आपल्याला कल्पना होती की नाही कोण जाणे.

उमेदवारच पटत नसतील तर काय, हेही मी खोचकपणे विचारून घेतले. 2013 पासून यंत्रावर शेवटचे बटण नोटाचे, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" याचे असते, आणि त्याला सर्वांत जास्त मते पडली तरी लोकसभा-विधानसभेत निवडून येतो तो उमेदवारांमध्ये पहिला असलेलाच, हेही आपण कमी-जास्त न करता सांगितलेत. नंतर मतमोजणीवर विश्वास काय ठेवायचा अशा माझ्या बोलण्यावर आपण मतदान अधिकारी म्हणून केलेल्या कामाचे वर्णन केलेत: सकाळी प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांचे अभिरूप, म्हणजे चाचणीचे मतदान घेऊन यंत्र पुन्हा शून्यावर आणायचे, दिवसभर नोंदवहीत सह्या घ्यायच्या, आणि संध्याकाळी यंत्रातला एकूण आकडा नोंदवहीशी ताडून सतरा-क च्या नमुन्यात लिहायचा व त्याची प्रत प्रतिनिधींच्या हातात द्यायची. बाई, हा तर आमचा रोजमेळच झाला. दिवसाचा मेळ लागल्याशिवाय दुकान बंद करायचे नाही, हा नियम मी वीस वर्षे पाळत आलो आहे, आणि तोच नियम पाळणाऱ्या एका व्यवस्थेकडे मी इतकी वर्षे कुचेष्टेने बघत होतो.

हे सगळे ऐकून मला पटले असे मात्र समजू नका. मी हेका सोडला नाही. तेव्हा आपण पिशवीतून दोन कोरे अर्ज काढलेत, सात नंबरचा आणि आठ नंबरचा, दोन्ही माझ्या मेजावर ठेवलेत आणि म्हणालात, "नाव कमी करायचं असेल तर हा, पत्ता बदलायचा असेल तर हा. जो भरायचा तो भरा आणि शाळेत आणून द्या." चहा घेण्याचा आग्रह केला तर अजून अकरा घरे राहिली आहेत म्हणून आपण उठलात.

त्याच आठवड्यात एके दुपारी मी सात नंबरचा अर्ज भरायला घेतला. नाव लिहिले, ओळखपत्राचा क्रमांक लिहिला आणि कारणाच्या रकान्यापाशी अडलो. तेथे कारणे छापलेली असतात: मृत्यू, वय कमी असणे, कायमचे स्थलांतर, दुसरीकडे नोंद असणे, भारताचा नागरिक नसणे. "मत द्यायचे नाही" असे कारण त्यात नव्हते. मी मेलेलो नव्हतो, अल्पवयीन नव्हतो, परदेशी नव्हतो. स्थलांतरावर खूण करता आली असती, पण मी गावभागातून विश्रामबागेत आलेलो, म्हणजे पत्ता बदललेला माणूस, आणि त्यासाठी दुसरा अर्ज बाजूलाच पडलेला होता. खाली खोटी माहिती दिल्यास शिक्षा होईल असे प्रतिज्ञापत्र होते. शिक्षेची भीती मला वाटली नाही, तरी खोट्या नोंदीखाली सही करायला माझा हात धजेना. तो कागद मी तीन वेळा हातात घेतला आणि ठेवला. चौथ्या वेळी आठ नंबरचा भरला. आपण वर्गावर होता म्हणून तो शाळेतल्या शिपायाकडे देऊन आलो, त्यामुळे आपली पुन्हा भेट झाली नाही.

जानेवारी 2024 मध्ये अंतिम यादी लागली तेव्हा विश्रामबागेच्या भागात माझे नाव आले होते. मतदानाच्या दिवशी ऊन चढायच्या आत गेलो. जुने छायाचित्र ओळखपत्र पुरात वाहून गेलेले, पण आधार कार्ड किंवा वाहन परवाना चालतो हे आपणच सांगून ठेवले होते. पहिल्या अधिकाऱ्यांनी माझे नाव मोठ्याने वाचले आणि तेवढा वेळ मी श्वास रोखून यादीकडे बघत होतो. नावाखाली रेघ नव्हती. मग माझ्यादेखत त्यांनी ती ओढली. त्या रेघेचे मला किती अप्रूप वाटले हे दुसऱ्या कोणाला सांगितले तर हसतील. शाई लागली, सही झाली, बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी दिसली. ती सात सेकंद दिसते म्हणतात, आणि पावत्या वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाला तेवढा वेळ पुष्कळ झाला. मी कोणाला मत दिले हे येथे लिहीत नाही, आणि आपणही ते कधी विचारले नसते. 20 नोव्हेंबरच्या विधानसभेलाही मी गेलो, तेव्हा छातीत धडधड नव्हती.

आणखी एक हिशेब मी आपल्या नकळत केला आहे, तो सांगतो आणि थांबतो. निवडणूक आयोगाने बीएलओंसाठी ठरवलेले किमान मानधन तेव्हा वर्षाला 6,000 रुपये होते आणि एका केंद्राची यादी दीड हजार नावांपर्यंत जात असे. म्हणजे भरलेल्या यादीत एका मतदारामागे वर्षाला चार रुपये पडतात. त्या चार रुपयांत आपण पावसातून गावभाग ते मार्केट यार्ड आलात, माझा कडवटपणा ऐकून घेतलात, आणि मी अर्ज भरल्यावर माझे नाव आपल्या यादीतून निघून दुसऱ्याच बीएलओच्या यादीत गेले. आपल्या खात्यावर त्याचे काहीच जमा झाले नाही. माझ्या बाजूने निदान ही पोच असावी म्हणून पत्र लिहिले. आपण मला हवे ते न सांगता खरे ते सांगितलेत आणि निर्णय माझ्या मेजावर ठेवून गेलात, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

आजीचा सात नंबरचा अर्ज मंजूर झाला आणि तिचे नाव यादीतून कमी झाले, हेही कळवतो.

हळदीच्या हंगामात यार्डाकडे येणे झाले तर दुकानात जरूर यावे. त्या दिवशीचा चहा आमच्याकडून देणे आहे.

आपला नम्र,
आपल्या यादीतून कमी झालेला एक मतदार
सांगली