काकू, तुम्ही शिकवलेल्या बिलाबद्दल

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. फी दिलीस, हिशेब मिटला, असं तुम्ही म्हणता. म्हणून तुमचं नाव न घालता, पण सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र लिहिते आहे. नोकरी न करता लेखनावर घर चालवू पाहणाऱ्या कितीतरी जणांना अजून तुमच्यासारखं कोणी भेटलेलं नाही.

पुरवणीतली नोकरी सोडून मी पूर्णवेळ लिहायचं ठरवलं तेव्हा 'लिहीत राहा' म्हणणारे पुष्कळ होते. लिहीत राहायचं तर भाडं आणि वाणसामान कशातून भागणार, हे विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या. ठाण्याला, नौपाड्यातल्या तुमच्या हिशेबांच्या ऑफिसात मी नुसतं आयकराचं विवरणपत्र भरून घ्यायला आले होते. तुम्ही कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवलात, २६एएस, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, उघडलंत आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक ओळ दाखवत गेलात. हा प्रकाशक, ही जाहिरात एजन्सी, हे अनुवादाचे पैसे, आणि प्रत्येकातून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापलेला. "हे तुझेच पैसे आहेत गं. कर तेवढा होत नसेल तर परत मागायचे." मग पेन्सिल थांबली. एका संस्थेने माझ्या मानधनातून टीडीएस कापला होता, पण त्याची नोंदच तिथे नव्हती. त्यांना पाठवायचं पत्र तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत, मी उतरवून घेतलं. फॉर्म १६ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, माग, तारीख घाल, प्रत स्वतःजवळ ठेव. काही आठवड्यांनी ती नोंद आली.

त्यानंतर तुम्ही मला बिल लिहायला शिकवलंत. मराठीत लेखक बिल पाठवत नाहीत. फोन करतात, आधी तब्येतीची चौकशी करतात आणि शेवटी चाचरत 'ते मानधनाचं तेवढं बघाल का' म्हणतात. या संकोचाला आपल्याकडे सुसंस्कृतपणा समजतात, आणि मला ते फार चुकीचं वाटतं. तुम्ही कोरा कागद पुढे ओढलात. वर बिल क्रमांक आणि तारीख. मग काम नेमकं काय, शब्द किती, दर काय. खाली पॅन, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, आणि पैसे कधीपर्यंत यावेत ती तारीख. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, झाल्यावर तिचा क्रमांकही त्यात आला आणि त्याखाली एक ओळ: सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, २००६ चा कायदा. एकटीने घरी बसून लिहिणारी बाईही त्या कायद्यात सूक्ष्म उद्योग म्हणून बसते, हे मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, अशी तरतूद आहे. ते व्याज मागायची वेळ माझ्यावर आली नाही. ती ओळ वाचून बहुतेकांचे पैसे वेळेत येऊ लागले.

पहिल्या अनुवादित पुस्तकाचा करार मी तुम्हाला दाखवायला आणला, तेव्हा तुम्ही सही करू दिली नाहीत. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या शब्दांखाली रेघ मारलीत आणि मला तुमच्या ओळखीच्या वकिलांकडे धाडलंत. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १९ त्यांनी मला शब्द न् शब्द समजावलं. हक्क द्यायचे तर लेखी द्यायचे. कोणते, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला किती, हे सगळं लिहायचं. मुदत लिहिलीच नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आम्ही छापील पुस्तकाचे हक्क मुदतीसह दिले आणि ऑडिओचे माझ्याकडे ठेवले. प्रकाशकांनी ते विनातक्रार मान्य केलं. पुढे त्याच पुस्तकाच्या ऑडिओला वेगळे पैसे मिळाले, आणि ते अगदी अडचणीच्या दिवसांत आले.

अडचणीचे दिवस येतातच, काकू. दिवाळी अंकाची कथा जून-जुलैत द्यायची, अंक निघतो दिवाळीच्या तोंडावर, मानधन हातात येतं कधी डिसेंबरात, कधी संक्रांतीला. आणि अग्रिम कराचा, म्हणजे वर्ष संपायच्या आतच भरायच्या आयकराचा, हप्ता मात्र १५ सप्टेंबरला. म्हणून तुम्ही वेगळं खातं उघडायला लावलंत, आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा वाटा त्यात टाकायची शिस्त लावलीत, आणि काही महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय बिनपैशाचं काम घ्यायचं नाही असं बजावलंत.

एका गोष्टीबद्दल मात्र मी तुमच्याशी कधी बोलले नाही. माझ्या वहीत तुम्ही कामांचे रकाने आखलेत: अनुवाद, सबटायटल्स, जाहिराती, आणि एक वेगळा, कथांचा. बाकीच्यांशेजारी तो रिकामाच दिसतो. दुसऱ्या कोणा हिशेबनिसाने तो काढून टाकायचा सल्ला दिला असता. तुम्ही त्याच्या माथ्यावर लिहिलंत, 'हा चालू ठेवायचा.' तुमच्या फायलींच्या कपाटाला लागून दिवाळी अंकांचं कपाट आहे, आणि ज्या कथेचं बिल तुमच्या नजरेखालून जातं ती कथा तुम्ही वाचलेली असते. मागच्या वर्षी म्हणालात, "शेवटची दोन पानं घाईत लिहिलीस का गं? सप्टेंबरात सबटायटल्सचं काम जास्त होतं ना." माझ्या कथेचं इतकं नेमकं वाचन कुठल्याच परीक्षणात झालेलं नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा तुमच्यासारख्या वाचकांनीच जगवली. लिहिणाऱ्याच्या घरची चूल पेटती राहावी, हेही तुम्ही त्या वाचनाचाच भाग मानलंत.

तुमच्या बिलाचा नमुना आता माझ्याकडून पुष्कळांकडे गेला आहे. कोल्हापूरची एक अनुवादक मुलगी, नुकतीच नोकरी सोडलेली, गुरुवारी ठाण्याला येते आहे. येताना २६एएस आणि सगळे करार घेऊन ये असं तिला सांगितलं आहे, आणि पाचनंतर ये, तेव्हा काकूंना जरा सवड असते, हेही. तिची पहिल्या वर्षाची फी माझ्याकडून घ्यायची. नाही म्हणू नका.

तुमची कृतज्ञ,
कथांचा रकाना चालू ठेवलेली लेखिका