आपण रोहित (फ्लेमिंगो) मोजतो, तशी बाकीच्या पक्ष्यांचीही नोंद हवी

मा. संपादक,
स. न.

ठाणे खाडीत यंदा रोहित किती आले, याची चर्चा दर हंगामात होते आणि ती व्हायलाच हवी. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा मिळाला, त्यात या पक्ष्याचा वाटा मोठा आहे. पण येऊरचा तांबट, कोपरीची टिटवी, नेरुळच्या तळ्यावरचा शेकाट्या गेल्या दहा वर्षांत वाढला की घटला, हे पुराव्यानिशी सांगणे कठीण आहे. छायाचित्रे भरपूर आहेत. तुलना करता येईल अशा याद्या मात्र कमी.

दक्षिण आफ्रिकेने यासाठी बसवलेली पद्धत आपल्याला जशीच्या तशी उचलता येईल. तिथला दुसरा पक्षी-नकाशा प्रकल्प (कुठे कोणते पक्षी आढळतात याची नोंद) जुलै २००७ पासून चालू आहे. केपटाऊन विद्यापीठातील पक्षीसंशोधन संस्था तो चालवते, नोंदी मात्र हौशी निरीक्षक करतात. अक्षांश-रेखांशाच्या ५-५ मिनिटांच्या (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) रेषांनी देश चौकटींत विभागला आहे. दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि एस्वातिनी मिळून अशा १७ हजारांवर चौकटी होतात. एका चौकटीत किमान २ तास फिरायचे, तिथले माळ, पाणी, झाडी, वस्ती असे सगळे प्रकार पाहायचे आणि दिसलेली वा ऐकू आलेली प्रत्येक जात ज्या क्रमाने भेटली त्याच क्रमाने लिहायची. प्रत्येक तास संपला तिथे यादीत खूण करायची. सुरुवातीपासून ५ दिवसांपर्यंत त्याच यादीत नव्या जाती जोडता येतात, पुढे नवी यादी. संख्या मोजायची सक्ती नाही.

हे नियम जाचक वाटतील, पण सगळे मर्म त्यांतच आहे. किमान २ तास नीट शोधल्यावर एखादी जात यादीत नसेल, तर त्या नसण्यालाही अर्थ येतो. वाट वाकडी करून १० मिनिटांत टिपलेल्या पाच नावांना तो नसतो. अशी त्रोटक नोंद तिथे वेगळ्या खात्यात जाते, टक्केवारीत धरली जात नाही. एका चौकटीच्या २० पूर्ण याद्यांपैकी १५ मध्ये टिटवी असेल, तर तिचे नोंदप्रमाण ७५ टक्के. काही वर्षांनी तेच ३० वर आले, तर कारण शोधायला निघावे लागेल. क्रमही वाया जात नाही: सर्रास आढळणारे पक्षी साधारणपणे यादीच्या सुरुवातीलाच येतात.

तिथला सेक्रेटरी पक्षी (लांब पायांचा, गवताळ माळावर चालत साप-टोळ टिपणारा) घटतो आहे, हे दाखवण्यात अशा नोंदींचा मोठा उपयोग झाला. एक सावधगिरी मात्र हवी. तिथला पहिला प्रकल्प प्रामुख्याने १९८७ ते १९९१ चा, आणि त्याची चौकट १५ मिनिटांची, म्हणजे आताच्या ९ चौकटींएवढी. मोठ्या चौकटीत पक्षी सापडण्याची शक्यता मुळातच जास्त. दोन्ही काळांचे टक्के सरळ शेजारी मांडले, तर न झालेली घट दिसू लागते. म्हणून आपण चौकट आणि नियम एकदाच ठरवावेत, मध्येच बदलू नयेत.

आपल्या अक्षांशावर ५ मिनिटांची चौकट सुमारे ९.२ बाय ८.८ किलोमीटरची होते. नेरुळ, सीवूड्स आणि बेलापूर स्थानके एकाच चौकटीत बसतात (१९°००' ते १९°०५' उत्तर, ७३°००' ते ७३°०५' पूर्व). तिच्या वरची एक ओळ सोडून त्यापुढच्या ओळीतली, १९°१०' ते १९°१५' आणि ७२°५५' ते ७३°००' ही चौकट ठाण्याची: येऊरचे जंगल, उपवन, तलावपाळी आणि कोपरीचा खाडीकिनारा, सगळे त्यात.

खाडीमुळे आपल्याला एक नियम जास्तीचा लागेल, भरती-ओहोटीचा. ओहोटीला रोहित आणि तुतवार चिखलावर चरतात, भरती चढली की नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन थांबतात. एका गटाने सकाळी ऐरोलीला आणि दुसऱ्याने दुपारी नेरुळला संख्या मोजली, तर तोच थवा दोनदा मोजला जाऊ शकतो. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. एका रविवारी सकाळी ७ ला पूर्ण ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी जवळजवळ पूर्ण भरती असते. म्हणून 'दर रविवारी ७ वाजता' हे वेळापत्रक खाडीवर चालणार नाही. यादीवर घड्याळाच्या वेळेसोबत भरतीची वेळही लिहावी.

केरळने २०१५ ते २०२० मध्ये लोकसहभागातून राज्याचा पक्षी-नकाशा पूर्ण केला, तेव्हा हे परदेशातच जमते असे नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही (परिसरातील सजीवांची नोंद) ठेवणे हे तिचे काम आहे. ही नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. ठाणे आणि नवी मुंबईच्या समित्यांनी तिला या चौकटीवार याद्या जोडाव्यात आणि त्या सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. पहिल्या वर्षी वरच्या दोनच चौकटी घेतल्या आणि प्रत्येकीत महिन्याला चार पूर्ण याद्या केल्या, तरी वर्षअखेर ९६ याद्या हाती येतील.

– पक्षीनोंदी ठेवणारे काही रहिवासी, नेरुळ, नवी मुंबई