पत्र्याची पेटी कुणाला देऊ नका

एल्जिन, इलिनॉय
५ ऑक्टोबर

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर आई बोलता बोलता म्हणाली की बाबांनी टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानातली हत्यारांची पत्र्याची पेटी मोडीत काढायचं ठरवलंय आणि दिवाळीच्या साफसफाईआधी दादा भंगारवाल्याला बोलावणार आहे. मला तेव्हा पटकन काही सुचलं नाही. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसले. बाबा, ती पेटी देऊ नका. का, ते सांगते. पत्र लांबेल, कारण गेली दोन वर्षं तुम्ही विचारताय की "एवढ्या लांब जाऊन भंगार कशाला गोळा करतेस," आणि मी प्रत्येक वेळी विषय बदललाय.

आमच्या गॅरेजमध्ये सध्या अशी पाच कपाटं उभी आहेत. माणसाच्या उंचीची, जाड प्लायवुडची, आत पिक्चर ट्यूब, खाली नाणं टाकायची खाच. इकडच्या व्हिडिओ गेमची ही जुनी मशिनं. मी ती बंद पडलेलीच घेते. चालू मशिनाला हजारो डॉलर पडतात आणि बंद पडलेलं अडीचशे-तीनशेला मिळतं. पण पैसे वाचतात म्हणून घेते, एवढंच खरं कारण नाही.

तुम्हाला आठवतं का, कराडला स्टँडच्या मागे एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं? मी चौथीत होते. दादा आणि त्याचे मित्र शाळा सुटली की तिकडे पळायचे. मुलींनी तिथं जायचं नसे. मी दाराच्या पडद्याबाहेर उभी राहून आतला आवाज ऐकायचे. एकदा पार्लरवाले काका तुमच्याकडे आले, एक मशीन कायमचं गेलंय, विकून टाकतो म्हणाले. आई आजारी होती आणि मला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही मला बरोबर नेलंत. मशिनाचं मागचं दार उघडून तुम्ही टॉर्च माझ्या हातात दिलात. मॉनिटरच्या बोर्डाखाली, जाड वायर जिथं येते तिथं, टाक्याभोवती केसाएवढी गोल भेग होती. "ड्राय सोल्डर," तुम्ही म्हणालात, म्हणजे टाका वरून धरलेला दिसतो पण आतून सुटलेला असतो. थोडी राळ, थोडं कथील, झालं. तुम्ही पंधरा रुपये घेतलेत. काकांनी मला म्हटलं, खेळ एक डाव, पण मी लाजून नको म्हटलं. तो खेळ मी पहिल्यांदा पाहिला तो मागच्या बाजूनं. धुळीत मिणमिणणारा ट्यूबच्या गळ्यातला नारिंगी दिवा मला अजून दिसतो.

इकडे ही मशिनं घराघरांत का पडलीत तेही सांगते. शिकागोच्या ओहेअर विमानतळाला लागूनच फ्रँकलिन पार्क नावाचं गाव आहे. तुम्ही आलात तेव्हा त्याच बाजूनं आपण घरी आलो. तिथं मिडवे नावाची कंपनी होती. १९८० साली जपानच्या नामको कंपनीनं पॅकमॅन हा खेळ काढला आणि अमेरिकेत तो मिडवेनं विकला. १९८२ च्या मिस पॅकमॅनची एक लाखाहून जास्त मशिनं निघाली. विल्यम्स, गॉटलिब, स्टर्न, बॅली, या धंद्यातली कितीतरी मोठी नावं या शिकागोच्या आसपासचीच. मग १९८३ च्या सुमारास धंदा एकाएकी बसला आणि मशिनं मिळेल त्या भावात लोकांनी घरी नेली. त्यांची मुलं खेळली, मोठी झाली, निघून गेली. मशीन तळघरात राहिलं. एक दिवस बटण दाबलं तर काही झालं नाही, आणि सगळ्यांनी गृहीत धरलं की गेलं. मागचं दार कुणी उघडलंच नाही.

माझं पहिलं मशीन अॅस्टेरॉइड्स, अटारीचं, १९७९ चं. बाबा, याचा मॉनिटर तुम्हाला फार आवडेल. तो टीव्हीसारखा पडदा ओळीओळीनं भरत नाही. ऑसिलोस्कोपसारखा किरण सरळ जिथं रेघ हवी तिथं नेतो. काळ्याभोर पडद्यावर पांढऱ्या रेघांचे दगड तरंगत येतात, आणि मारलेली गोळी तर अशी लखलखते की साध्या टीव्हीवर तसं कधीच दिसणार नाही. विकणारे गृहस्थ सत्तरीचे होते. म्हणाले, दहा वर्षं मेलंय, तीनशे दे आणि घेऊन जा. तळघराच्या जिन्यावरून ते धूड वर काढायला चार माणसं लागली.

घरी आणलं आणि तुमच्या क्रमानं गेले. आधी प्लग, मग वायर, मग फ्यूज. फ्यूज डोळ्यांनी बघायचा नाही, काढून मीटर लावायचा, हे तुम्ही किती वेळा सांगितलं असेल! फ्यूज सगळे चांगले. मग १२० व्होल्ट कुठपर्यंत येतात ते बघत पुढे सरकले. वायरपर्यंत आहेत, फिल्टरपर्यंत आहेत, पुढे नाहीत. मध्ये एक छोटा स्विच. या मशिनांना मागच्या दाराला आणि नाण्याच्या दाराला असे स्विच असतात, दार उघडलं की आतली वीज तुटावी म्हणून. मागच्या दाराचा स्विच ज्या पत्र्यावर बसवलेला, तो पत्रा वाकला होता. दार लागलं तरी स्विच दाबला जात नव्हता. मशीन दहा वर्षं समजत होतं की आपलं दार उघडं आहे. पक्कडीनं पत्रा सरळ केला, दार लावलं, आणि ट्यूब तापायला लागली.

मला आनंद झाला आणि पाठोपाठ अपराधी वाटलं. तुम्ही नुसता प्लग सैल असला तर गिऱ्हाईकाकडून पैसे घेत नसायचा. मी तर त्या माणसाचं चालू मशीन मेलेल्याच्या भावात आणलं होतं. दोन दिवस ते मनात राहिलं आणि शेवटी मी त्यांना फोन करून खरं ते सांगितलं. म्हटलं, परत न्या, नाहीतर मी आणखी पैसे देते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पैसे नकोत, शनिवारी नातवाला घेऊन येऊ का? आले. तासभर खेळले. तेव्हापासून मी ठरवलंय, घेतानाच सांगायचं की यात कदाचित अगदी किरकोळ बिघाड असेल, तुम्ही आधी कुणाला दाखवून बघा. काही जण दाखवतात आणि मशीन मला मिळत नाही. ते ठीकच आहे.

मिस पॅकमॅनवर मात्र तीन रविवार गेले. पडद्यावर नुसती चिन्हांची गिचमिड. या बोर्डावर ट्रान्सफॉर्मरकडून सातएक व्होल्टचा एसी येतो आणि बोर्डावरच त्याचे पाच व्होल्ट डीसी होतात. एवढा सगळा प्रवाह कडेच्या कनेक्टरच्या चार-दोन पट्ट्यांतून जातो, चाळीस वर्षं जातोय, त्यामुळे पट्ट्या तापून काळ्या पडतात. मीटर लावला तर पाचच्या जागी ४.४. नवा कनेक्टर जोडला, व्होल्टेज आलं, गिचमिड तशीच! तेव्हा मला तुमचं वाक्य आठवलं, "अर्धं काढून ठेव आणि उरलेलं चालतं का बघ." मिस पॅकमॅन हे मुळात पॅकमॅनचंच बोर्ड आहे, बाबा. एमआयटीचं शिक्षण सोडलेल्या काही पोरांनी पॅकमॅनला एक जास्तीचं छोटं बोर्ड लावून नवा खेळ तयार केला, आणि मिडवेनं तो त्यांच्याकडून घेतला. मूळ बोर्डावरच्या झेड-८० प्रोसेसरच्या जागी चाळीस तारांची पट्टी लागते आणि प्रोसेसर जाऊन बसतो त्या छोट्या बोर्डावर. मी छोटं बोर्ड काढलं, झेड-८० परत जुन्या जागी बसवला. खेळ सुरू झाला, पण तो जुना पॅकमॅन! म्हणजे मूळ बोर्ड ठणठणीत होतं. दोष पट्टीत. चाळीस तारांतली एक आतून तुटलेली, वरून काही दिसत नाही, मीटरच्या बीपनंच सापडली. पट्टी बदलली. एकूण खर्च वीस डॉलरच्या आत.

आणि असंच निघतं बहुतेक वेळा. सॉकेटमधल्या आयसीचे, म्हणजे चिपचे, पाय काळे पडलेले असतात, उपसून साफ करून परत बसवले की झालं. बटणांखाली पितळी पट्ट्यांचे स्विच असतात, त्यांच्यामधून जाड कोरा कागद दोनदा ओढला की "बिघडलेलं" बटण चालू. कडेच्या कनेक्टरची बोटं खोडरबरानं घासायची. मॉनिटरमधले कंडेन्सर वाळलेले असतात, ते सरसकट बदलायचे, डझन-दीड डझन असतात. आणि ड्राय सोल्डर तर आहेच.

आई, तुझी काळजी मला माहीत आहे. ट्यूबमध्ये मशीन बंद केल्यावरही हजारो व्होल्ट शिल्लक राहतात, ते मी कधीच विसरत नाही. आधी मॉनिटरच्या चौकटीला वायरनं जोडलेल्या पेचकसानं डिस्चार्ज करते, मग हात घालते. चालू मशिनात मोजायचं असलं तर एक हात खिशात. पोरांना तेव्हा गॅरेजमध्ये येऊ देत नाही.

सगळंच सोपं निघतं असंही नाही. मागच्या वर्षी रोबोट्रॉन मिळालं, १९८२ चं, विल्यम्सचं. त्याच्या बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात, गुणांची नोंद राहावी म्हणून. ते कुणी वर्षानुवर्षं बदललेच नव्हते. सेल फुटून त्यांचा क्षार बोर्डावर पसरला आणि तांब्याच्या बारीक रेघा खाऊन गेला. व्हिनेगरनं धुतलं, एकेक रेघ खरवडून तिच्या जागी केसासारखी तार जोडली. महिनाभर चाललं होतं ते. हल्ली सेल मी बोर्डापासून लांब, वायरनं जोडून खाली ठेवते. आणि एका मशिनाच्या ट्यूबचा गळाच आणताना मोडला, माझ्याच हातून, दारातून आत घेताना. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि संपलं. अशा ट्यूब आता कुणी बनवत नाही. ते कपाट अजून कोपऱ्यात उभं आहे. त्याच्याकडे बघवत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मॉनिटरची सेटिंग सगळी मागून करायची आणि चित्र दिसतं पुढून, हे इथंही तसंच आहे. आई, तू दुकानात स्टुलावर बसून टीव्हीपुढे आरसा धरायचीस आणि बाबा मागून बघत पेच फिरवायचे. "जरा डावीकडे, आता थांब." मी खुर्चीवर आरसा टेकवून ठेवते, पण खुर्चीला डावीकडे सांगता येत नाही. तुमची नात दहा वर्षांची झाली. गेल्या महिन्यात तिनं पहिल्यांदा आरसा धरला, अर्धा तास, न कंटाळता, आणि चित्र नीट आलं तेव्हा मला म्हणाली, "आता मी मागं जाऊ का?" तिच्या हाताला माझी हत्यारं मोठी होतात. तुमच्या पेटीत तो लाकडी मुठीचा बारीक पेचकस आहे, तुम्ही सायकलच्या स्पोकपासून घासून केलेली मॉनिटरची किल्ली आहे, आणि सिरीज बल्बचा बोर्ड आहे, दुरुस्तीतलं यंत्र आधी बल्बमधून वीज देऊन बघायचा. बोर्ड इकडच्या विजेलाही चालेल, फक्त बल्ब, त्याचा होल्डर आणि प्लग बदलला की झालं. या तीन वस्तू वेगळ्या काढून ठेवा. बाकीची पेटी माळ्यावर राहू दे. डिसेंबरात मी येतेय, तेव्हा तुमच्यासमोर उघडून बघू. हात थरथरतो म्हणून सोल्डरिंग जमत नाही असं तुम्ही म्हणालात. सोल्डरिंग मी करेन. दोष कुठे आहे ते तुम्ही सांगा.

एक तर आत्ताच सांगा. गॅलागा आणलाय, १९८१ चा. गार असताना चित्र एकदम ठीक. अर्ध्या तासानं चित्राची एक बाजू आत दुमडायला लागते, दोन बोटं तरी. याची ट्यूब कुशीवर बसवलेली असते, म्हणजे तीच व्हर्टिकलची बाजू. व्हर्टिकलचे सगळे कंडेन्सर बदलले, पाच-सहा टाके परत मारले, फरक नाही. चासीवर हलकं टकटक केलं तर क्षणभर सुधारतं आणि परत तेच. मी ट्रान्झिस्टरवर संशय धरलाय, पण टकटक केल्यावर सुधारतं म्हणजे तुम्ही अजून टाकाच म्हणाल, नाही का? बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो दादाच्या फोनवर पाठवलेत. चष्मा लावून, मोठे करून बघा. रविवारी सकाळी तुमच्या चहाच्या वेळेला फोन करते.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग, अंगावर काढू नकोस.

तुमची,
धाकटी