अपिलाचा हक्क दाखल्यावरच छापा

मा. संपादक,

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. उजव्या हाताची मूठ उघडत नाही, घास भरवावा लागतो, भिंतीला धरल्याशिवाय पाऊल पडत नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा ती माझ्या मांडीवर झोपली होती. डॉक्टरांनी तिला उभं करून पाहिलंच नाही. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर आलं : ३५ टक्के. ४० टक्के नसतील तर संजय गांधी निराधार योजनेतलं अनुदान नाही. फिजिओथेरपीला तर दर आठवड्याला तालुक्याला जावंच लागतं!

खिडकीवर सांगितलं, ‘आता काही होत नाही, ताई.’ हे खरं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ५९ नुसार या निर्णयावर अपील करता येतं. मला हे अंगणवाडीताईंनी सांगितलं. मी फिजिओथेरपिस्टचं पत्र आणि तिच्या चालण्याचे व्हिडिओ जोडून अपील केलंय.

पण ज्यांना सांगणारं कुणी नाही, त्यांचं काय? अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं, हे दाखल्यावरच ठळक मराठीत छापा. लहान मुलांना जागेपणी, चालवून, खेळवून तपासा.

– एक आई, मराठवाडा